झेंड्यावरची चौथी ओळ

मँचेस्टर
१४ जानेवारी २०२४

आदरणीय परकारकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता कार्डिफच्या मिलिंद साठे यांनी दिला. ते म्हणाले, परकारकाका ईमेल बघत नाहीत, पण टपालाने आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून हे पत्र.

मी निवेदिता येमूल, सोलापूरची. इथल्या एका लहान म्युझियममध्ये जुनी कापडं जपण्याचं काम शिकते आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणतात. आई फोनवर विचारते, "एवढं शिकून, विमानात बसून, शेवटी फाटकी कापडंच शिवतेस ना?" मी म्हणते हो, पण सव्वाशे वर्षांपूर्वी फाटलेली.

सध्या माझ्या टेबलावर असंच एक सुती कापड आहे. पांढऱ्यावर निळ्या कापडाची अक्षरं कापून शिवली आहेत. अक्षरं अरबी आहेत. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी ती एका जुन्या, पुसट फोटोवरून वाचून अर्थ लिहून दिला आहे, त्यामुळे अर्थाची अडचण नाही. पण जूनमध्ये हे कापड प्रदर्शनात मांडलं जाईल, तेव्हा ते शब्द तिथे ऐकूही यावेत, आणि ज्यांच्या तोंडी ते रोज असतात अशा माणसाच्या आवाजात ऐकू यावेत, असं मला वाटतं. माझ्या वरिष्ठ हेलन यांनी परवानगी दिली आहे. या म्युझियममध्ये माझी म्हणावी अशी ही पहिलीच कल्पना. आवाज मिळाला नाही, तर नेहमीसारखं लेबल लावायचं ठरलं आहे.

सोबत वरच्या दोन ओळींचा फोटो आहे. बाकीचं कापड अजून घडीत आहे. तुम्ही वाचाल का?

आपली नम्र,
निवेदिता

•

कार्डिफ
२५ जानेवारी २०२४

निवेदिताताई यांस,
सलाम आणि नमस्कार.

पत्र मिळालं. मराठीत हाताने लिहिलेलं पत्र मला माझी बायको गेल्यापासून आलं नव्हतं. ती माहेरी जायची तेव्हा लिहायची, आणि त्यात निम्मं पत्र मी गॅस बंद करतो की नाही याबद्दल असायचं.

मी बाणकोट खाडीच्या काठचा. सातवीपर्यंत मराठी शाळा. मग बोटीवर, मग इथे हॉस्पिटलच्या लाँड्रीत पंचवीस-तीस वर्षं. तेव्हा कापडाशी माझाही संबंध आहे. फक्त मी ती उकळून काढायचो.

फोटो पाहिला. एक गोष्ट आधीच सांगतो. मला अरबी वाचता येतं, समजत नाही. लहानपणी मशिदीत वाचायला शिकवलं, अर्थ कोणी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही. पण या दोन ओळी मला समजतात. "या अल्लाह, या रहमान, या रहीम. या हय्यु, या कय्यूम." ही अल्लाची नावं आहेत. माझे वडील गलबतावर असायचे आणि खाडीच्या तोंडाशी वारा फिरला की आई अंगणात उभी राहून हेच म्हणायची. अजून मी नमाजनंतर तसबीह, म्हणजे आमची जपमाळ, हातात धरून हीच नावं घेतो.

कापड दर्ग्यावरची चादर दिसते. कुठल्या दर्ग्याची? आमच्याकडे चादरीवर अशीच अक्षरं असायची, पण ती जरीची.

मी वाचतो. माझी नात सना फोनवर रेकॉर्ड करून देईल. बाकीच्या ओळी उलगडल्या की पाठवा.

अब्दुल रज्जाक परकार

•

मँचेस्टर
६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय काका,

तुमचं पत्र हेलनना इंग्रजीत वाचून दाखवलं. गॅसचा भाग दोनदा वाचायला लावला. तुम्ही हो म्हणालात याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. मला कृपा करून 'तू'च म्हणा.

कापडाचं काम हळूहळू चाललं आहे. दमट हवा देऊन एक एक घडी सैल करायची, मग बारीक जाळी ठेवून वरून धूळ ओढून घ्यायची, मग केसाहून बारीक रेशमी धाग्याने विरलेले भाग आधाराच्या कापडाला टाचायचे. एका अक्षराला कधीकधी सबंध सकाळ जाते. हेलन म्हणतात की मूळ कापड मँचेस्टरच्याच गिरणीतलं असू शकेल, इथून तिकडे गेलेलं आणि परत आलेलं. पण ते सिद्ध करता येत नाही, म्हणून लेबलवर लिहायचं नाही. मला मात्र फार लिहावंसं वाटतं.

चादरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मन भरून आलं. त्याबद्दल सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. तिसऱ्या ओळीचा फोटो सोबत आहे.

तुमची,
निवेदिता

•

कार्डिफ
९ मार्च २०२४

निवेदिता,

काल जुम्म्याची नमाज झाली. मी बूट घालत होतो, तेवढ्यात शौकतभाईने हाक मारली, "काय परकार, या वयात फौजेत भरती?" चार-पाच जण हसले. मला कळेना. मग त्याने फोन पुढे केला. त्याचा मुलगा मँचेस्टरला असतो, त्याने तुमच्या प्रदर्शनाचा कागद पाठवला होता. वर मोठा फोटो, चारही ओळींचा. खाली लिहिलेलं, "युद्धध्वजाचे शब्द, कार्डिफच्या श्री. परकार यांच्या आवाजात. हे शब्द ते रोज प्रार्थनेत म्हणतात."

चादर नाही, झेंडा आहे. लढाईचा. आणि तू मला दोन पत्रांत तो शब्द लिहिला नाहीस. मी चादर म्हणालो, तरी तू गप्प राहिलीस.

तुला वाटलं असेल, म्हातारा घाबरेल. बरोबर वाटलं. तिसऱ्या ओळीत कलमा आहे, अल्ला एक आणि मुहम्मद त्याचे रसूल, म्हणजे पैगंबर. तो मी जन्मभर म्हणतो आणि मरतानाही म्हणेन. पण त्याच कलम्याचे झेंडे घेऊन आजकाल कुठली माणसं काय काय करतात, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या नावाचा माणूस या देशात लढाईच्या झेंड्यावरचा कलमा मोठ्याने वाचतो, कोणीतरी त्याचा अर्धा तुकडा कापून फिरवतो, मग मी कोणाच्या दारात जाऊन सांगायचं की बाबा रे, मी लाँड्रीतला माणूस आहे? सनाने सरकारी नोकरीचा अर्ज केला आहे. तिचं आडनावही परकारच आहे.

आणि चौथी ओळ. ती तू कोणाला विचारून माझ्या तोंडी घातलीस? तिथे लिहिलंय, "मुहम्मद अल-महदी, अल्लाच्या रसूलचा खलिफा." हे मी मानत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे महदी, म्हणजे शेवटच्या काळी वाट दाखवायला येणारे, अजून यायचे आहेत. सुदानात कोणी एक झाला असेल, त्याच्या माणसांनी मानलं असेल. ते त्यांचं. मी ही ओळ रोज म्हणतो असं छापून तू माझ्या ओळखीच्या माणसांसमोर मला खोटा पाडलंस.

माझं नाव काढा. रेकॉर्डिंग होणार नाही.

अ. र. परकार

•

मँचेस्टर
१३ मार्च २०२४

आदरणीय काका,

तुमचं पत्र मी हेलनना पूर्ण वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तुमचं नाव वेबसाइटवरून काढलं आहे. शिल्लक कागद परत मागवले आहेत, नवे छापले जातील. हेलन मला एवढंच म्हणाल्या, "तू त्यांना विचारायला हवं होतंस."

युद्ध हा शब्द पहिल्याच पत्रात नको, आधी त्यांना हो म्हणू दे, असा सल्ला मिलिंददादांनी दिला होता. पण पत्र मी लिहीत होते. तुम्ही चादर म्हणालात तेव्हा खरं सांगायची वेळ होती. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर हा आवाज जाईल. मला आवाज हवा होता, आणि तो कोणाचा आहे याचा मी विचारच केला नाही.

आता सगळं लिहिते. १८९८ साली सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत महदींच्या अनुयायांची फौज इंग्रजांपुढे हरली, त्यानंतर हा झेंडा एका इंग्रज अधिकाऱ्याने घरी आणला. त्याच्या वारसांनी तो आमच्याकडे दिला. मी पुस्तकांत दुसरे झेंडेही पाहिले. तुर्कांच्या झेंड्यांवर दोन पात्यांची तलवार असते, काठाने विजयाच्या आयता, म्हणजे कुराणातली वचनं, विणलेल्या असतात, चांदसूर्य असतात. ते रेशमाचे आणि डोळे दिपवणारे. आपल्या झेंड्यावर, म्हणजे माझ्या टेबलावरच्या झेंड्यावर, एकही चित्र नाही. नुसते शब्द, साध्या सुती कापडाचे, हाताने कापून धावदोऱ्याने शिवलेले. म्हणून मला तो आवडला. ज्यांच्याकडे रेशीम नव्हतं त्यांनी नावं शिवली, असं मी माझ्या वहीत मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलं होतं.

आणि चारही ओळी मला सारख्याच वाटल्या. प्राध्यापकांनी चारींचा अर्थ दिला होता, चौथीत एका माणसाचं नाव आहे हे मी वाचलं होतं. तरी मुसलमान माणूस चारही म्हणत असेल असं मी धरून चालले. आमच्या घरात कोणी विठोबाला जातं, कोणी मार्कंडेयाला, आणि कोणी आम्हाला एकाच मापात मोजलं तर मला राग येतो. तेच मी तुमच्याबाबत केलं.

आवाज नसला तरी झेंडा मांडला जाईल. तुमची मात्र मी मनापासून माफी मागते. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन.

निवेदिता

•

कार्डिफ
२९ मार्च २०२४

हाय निवेदिता,

मी सना. आजोबाची नात. मला मराठी लिहायला येत नाही, फोनवर बोलून टाइप केलं, चुका सॉरी.

आजोबा रागवला आहे. रोजे चालू आहेत तर तो म्हणतो मी राग करत नाही, पण करतो. तुझा पत्र त्याने फेकला नाही. फ्रिजच्या वर ठेवला आहे, चष्म्याच्या बाजूला. रोज काढतो, परत ठेवतो. मी विचारलं रिप्लाय करणार का, तर म्हणाला ईद नंतर बघू.

माझ्या जॉबचं टेन्शन घेऊ नको. मी आजोबाला सांगितलं, माझं नाव मला सांभाळता येतं.

सना

•

कार्डिफ
२२ एप्रिल २०२४

चि. निवेदिता,
अनेक दुवा.

ईद झाली. सनाने तुला लिहिलं होतं हे मला काल कळलं. तिचं मराठी वाचून तुला जो त्रास झाला असेल तो तुझ्या शिक्षेत धरला आहे.

आता ऐक. मागच्या आठवड्यात डोळे तपासायला हॉस्पिटलात गेलो होतो. थेंब घालणारी नर्स नवी होती. नाव अवादिया. बोलता बोलता कळलं की ती सुदानची, ओमदुर्मानची. माझ्या खिशात तुझा तो प्रदर्शनाचा कागद होता, शौकतच्या फोनवरून सनाने छापून दिलेला. का होता, ते विचारू नकोस. शौकतला दाखवून भांडायला ठेवला होता असं समज.

मी तो तिच्यापुढे धरला. तिने वरच्या तीन ओळींकडे पाहिलंही नाही. थेट चौथीवर बोट ठेवलं आणि वाचली. मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, हा कोणाकडे आहे?

तिचे पणजोबा त्या लढाईत होते. परत आले नाहीत. तिच्या घरात आजही महदींच्या दुवा सकाळ-संध्याकाळ म्हणतात, तिची आजी म्हणायची, आता ती म्हणते. घर मात्र राहिलं नाही. गेल्या वर्षी तिथे जे युद्ध पेटलं त्यात मावशी मुलांना घेऊन पायी निघाली, ती बंदरापर्यंत पोचली. बाकीच्यांची खबर तुकड्यातुकड्यांनी येते. मी थेंबांमुळे आंधळा बसलो होतो आणि ती सांगत होती.

मी तिला सरळ सांगितलं. म्हटलं, बेटा, वाईट वाटून घेऊ नको, पण ही चौथी ओळ मी मानत नाही. ती म्हणाली, "तुम्ही मानायलाच हवी असं मी कुठे म्हटलं? ती माझ्या घरची आहे."

घरी येऊन मी विचार केला. तुझी चूक तू माझ्या तोंडी चार ओळी घातल्यास ही होती. मी काय केलं? माझ्या तीनही परत काढून घेतल्या. आईची नावं. कोणी दुसऱ्याने ते शब्द घेऊन वाईट काम केलं, म्हणून मी माझ्याच तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हा असं ठरलं आहे. पहिल्या तीन ओळी मी वाचणार. मग थांबणार. चौथी अवादिया वाचणार. रविवारी ती आमच्याकडे आली, सनाने फ्रिज बंद करून स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं. मी वुझू करून, नमाजआधी धुतो तसे हातपाय-तोंड धुऊन, बसलो. फाइल सना पाठवते आहे.

अवादियाचं एक म्हणणं आहे. तुमच्या कागदावर झेंडा "जिंकून आणलेला" लिहिलं आहे. ती म्हणते, मेलेल्या माणसांच्या शेजारून उचलला, तसं लिहा.

आणि माझं नाव पूर्ण लिही. अब्दुल रज्जाक परकार.

तुझा,
परकारकाका

•

मँचेस्टर
१७ मे २०२४

आदरणीय काका,

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला.

रेकॉर्डिंग मी, हेलन आणि मांडणी करणारा मार्क, तिघांनी मिळून ऐकलं. तुमचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा हळू आहे. तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही थांबता. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर एक सीगल ओरडतो, कोणाची तरी खुर्ची सरकते. मग अवादिया वाचतात.

मार्क म्हणाला, मधली जागा कापू या, लोकांना वाटेल मशीन बंद पडलं. सीगलही काढता येईल. तो चुकीचं बोलत नव्हता, त्याचं कामच ते आहे. मी बैठकांत सहसा बोलत नाही. माझं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये संपतं आणि पुढे ठेवायचं की नाही हे हेलनच ठरवणार. पण त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, "ही जागा कापली तर दोन माणसं एकाच माणसासारखी ऐकू येतील. ती चूक मी एकदा केली आहे." मार्कने हेलनकडे पाहिलं. हेलन म्हणाल्या, राहू दे. सीगलसुद्धा.

लेबल नव्याने लिहिलं आहे. "लढाईनंतर रणांगणावर मृतांच्या शेजारून उचलून इंग्लंडला आणलेला." त्याखाली, "पहिल्या तीन ओळी, अब्दुल रज्जाक परकार, कार्डिफ. चौथी ओळ, अवादिया हसन, ओमदुर्मान आणि कार्डिफ. दोन्ही वाचकांची श्रद्धा एक नाही, म्हणून मध्ये वाचक बदलतो." शेवटच्या वाक्यावर हेलननी बरेच दिवस घेतले. छापायला पाठवण्याआधी या वेळी तुम्हा दोघांना विचारते आहे. एक शब्द जरी नको असेल तर कळवा.

झेंडा आडवाच ठेवावा लागेल, टांगला तर विरलेलं सूत आपल्याच वजनाने तुटेल. पण जागा जिन्याखालची ठरत होती, वरून माणसं चालणार. मी ती बदलून मागितली, आणि झेंड्याची काचेची पेटी कमरेच्या वर उचलून घेतली. ही नावं पायांखाली येऊ नयेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती एवढ्या उंच काठीवर लावली, त्यांच्याकडे बघून कळलं.

तुम्ही दोघं याल ना?

तुमची,
निवेदिता

•

कार्डिफ
३० जून २०२४

चि. निवेदिता,
अनेक दुवा.

सुखरूप पोचलो. तू स्टेशनवर दिलेले पराठे वाटेतलं क्रू स्टेशन येईपर्यंतच संपले, निम्मे अवादियाने खाल्ले. तुझ्या आईला सांग, मुलगी नुसती शिवत नाही, लाटतेही.

तू हेलनबाईंबरोबर पाहुण्यांत अडकली होतीस, म्हणून तुला एक गोष्ट सांगायची राहिली. अवादिया पेटीजवळ गेली तेव्हा मी मागेच राहिलो. ते तिचं भेटणं होतं. ती रडली नाही. काचेवर हात न टेकवता, वरून, अक्षरांच्या बाजूबाजूने हात फिरवत गेली, जशी बायका साडीचा पदर बघतात. नंतर मला म्हणाली, शिवण वाकडी आहे, घाईत शिवली आहे. मग फोनवर मावशीला दाखवला. बंदरावरच्या एका खोलीतून ती बाई किती वेळ बघत राहिली. शेवटी मावशीने विचारलं म्हणे, हा धुतला कोणी? अवादियाने लांबून तुझ्याकडे बोट केलं. तू पाठमोरी होतीस.

मग मी पुढे झालो. माझे तेच शब्द माझ्याच आवाजात त्या भिंतीतून येत होते. स्वतःचा आवाज ऐकायला मला लाज वाटते, पण पळालो नाही. एक इंग्रज गृहस्थ ऐकत उभे होते, माझ्याच वयाचे. तिसरी ओळ संपली, आवाज थांबला. ते निघायला वळले. मग सीगल ओरडला, तसे थबकले, आणि अवादियाची ओळ आली. त्यांनी लेबल वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. माझ्या टोपीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्हीच वाचलंत का?"

मी म्हटलं, "नाही. जेवढं माझं होतं, तेवढं."

तुझा,
परकारकाका